दिवाळीनंतर वर्गातल्या मुली कुठे जातात?

प्रश्न एका नव्या शिक्षिकेचा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर त्या यंदाच रुजू झाल्या. तिसरी-चौथीत जूनमध्ये मुली मुलांच्या बरोबरीने होत्या, दिवाळीनंतर निम्म्याही येत नाहीत. पालकांना विचारलं तर ‘पोरीच्या जातीला शिकून काय करायचं’ हे ठरलेलं उत्तर. मग पालकांचं प्रबोधन करायचं, की शाळेचं बंद पडलेलं शौचालय आधी दुरुस्त करून घ्यायचं, असं त्या विचारतात. मी याच पट्ट्यात आधी शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा, म्हणून काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मॅडम, पालकांच्या त्या उत्तरावर फार जाऊ नका. शाळेतून कुणी आलं, हातात वही-पेन आहे, शेजारी उभे राहून ऐकताहेत, अशा वेळी माणूस विषय संपेल असंच काहीतरी बोलतो. खरं कारण सांगायचं तर घरातली ओढाताण चारचौघांत मांडावी लागते. ज्या बाईने हे उत्तर दिलं, तिनेच जूनमध्ये मुलीला नवं दप्तर घेऊन वर्गात आणून बसवलं होतं. चार महिन्यांत तिचं मत बदललेलं नाही, तिचा दिवस बदलला आहे. म्हणून ‘मुलगी शाळेत का येत नाही’ असं विचारूच नका. पाण्याला कोण जातं, धाकट्याला कोण सांभाळतं, शेळ्या कोण नेतं, तुम्ही कामावर किती वाजता निघता, एवढंच विचारा. दहा मिनिटांत सगळं चित्र समोर येतं, आणि कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

माझं मत थोडक्यात सांगतो. कोरडवाहू गावात प्राथमिक शाळेतली मुलगी गळते ती बहुतेक वेळा आईचा वेळ संपल्यामुळे. पाऊस दगा देतो तेव्हा घरात पैसा कमी होतो हे सगळ्यांना दिसतं. पण त्याच वेळी आईचं काम वाढतं, तिकडे कुणी बघत नाही. पाणी लांबून आणायचं, सरपण आणि चारा लांबून आणायचा, मजुरीलाही लांब जायचं. दिवसाचे तास तेवढेच असतात, म्हणून आई घरातल्या कामांतलं एक-एक काम खाली सोडते आणि ते आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर येतं. मुलाच्या अंगावर येत नाही, कारण ती ‘बाईची कामं’. भेदभाव आहेच, मी तो झाकत नाही. पण तो कामाच्या वाटणीत आहे, आणि ती वाटणी भाषणाने बदलत नाही. ‘बेटी बचाओ’च्या फलकाखालून हंडा घेऊन जाणारी मुलगी तुम्हालाही रोज दिसत असेल.

पाण्याचंच घ्या. हापसा दूर असला, तरी पाणी ठरल्या वेळी मिळत असेल तर मुलगी पहाटे दोन खेपा करून दहाला शाळेत येते. थकलेली असते, पण येते. टँकर सुरू झाला की हा हिशेब मोडतो, कारण टँकरला वेळ नसते. सकाळी आठला येईल म्हणून सांगतात, तो दुपारी एकलाही येतो आणि कधी दुसऱ्या दिवशीही. तो विहिरीत ओतला जातो आणि मग पोहरे टाकून ज्याला जमेल तेवढं त्याने शेंदायचं. रांगेत हंडे-कळशा मांडलेल्या असतात, पण नुसता हंडा ठेवून भागत नाही, तिथे माणूस लागतं. टँकरचा आवाज आला की जो हजर त्याचं पाणी. आई दोनशे-तीनशे रुपयांची मजुरी सोडून विहिरीवर बसू शकत नाही, म्हणून मुलगी बसते. खेपा मारायला तिला तासभर पुरतो, दिवस जातो तो वाट बघण्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. त्या बातम्या शहराच्या होत्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली त्या वर्षी किती दिवस विहिरीवर बसल्या, हे फक्त हजेरीपटात सापडेल. तेही हजेरी खरी मांडली असेल तर.

मार्चपासून आपण शाळा सकाळची करतो, ऊन वाढतं म्हणून. निर्णय योग्यच आहे. पण दुष्काळी गावात पाण्याची मुख्य वेळही सकाळचीच असते. मुलगी सातला शाळेत की आडावर? अशा गावात शाळा व्यवस्थापन समितीने पाण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी. टँकर कधी येईल हे ग्रामपंचायतीकडून लिहून घ्यावं, आणि तो शाळेच्या वेळेत येणार नाही यासाठी भांडावं. शौचालयाचं कुलूप उघडण्यापेक्षा हे भांडण जास्त मुली परत आणतं. आणि हो, शाळेसाठी लागणारं पाणी मुलींकडून भरून घेण्याची आपलीच सवय आधी बंद करा. पिंप भरायला मुली, झाडायला मुली आणि खडू आणायला मुलगा हे मी चांगल्या म्हणवणाऱ्या शाळांतही पाहिलं आहे.

दुसरं ओझं धाकट्या भावंडाचं. हे पाण्याइतकं चर्चेत नसतं, पण माझ्या मते चौथीच्या आतल्या मुलींसाठी तेच जास्त जड आहे. वर्षा-दीड वर्षाचं मूल घरी असेल आणि आई मजुरीला जात असेल, तर मोठ्या बहिणीचं शिक्षण तिथेच अडतं. अंगणवाडी दुपारपर्यंत चालते, शाळा संध्याकाळी सुटते, आणि तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडी दिवसभर सांभाळत नाही. मधले तास कुणाचे? रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं येत असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं, अशी तरतूद २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातच केली गेली. कागदावर ती आहे. कामावर मात्र झाडाला बांधलेली झोळी आणि तिला झोका देणारी तिसरीतली मुलगी दिसते. तुमच्या गावात काम सुरू असेल तर ग्रामरोजगार सेवकाला हे विचारा, सगळ्यांसमोर विचारा.

मी पाहिलेल्या एका शाळेत चौथीतली एक मुलगी रोज पावणेअकराच्या पुढे यायची, कडेवर भाऊ. परिपाठ झालेला असायचा. ती दारातच उभी राहायची, कारण आधीच्या शिक्षकांनी ‘त्याला घरी ठेवून ये’ म्हणून दोन-तीनदा परत पाठवलं होतं. घरी ठेवायचं कुणाकडे हे त्यांनी विचारलं नव्हतं. नव्या बाई आल्या, त्यांनी वर्गाच्या मागे एक जुनी सतरंजी टाकली, चार ठोकळे आणि एक ताटली-वाटी ठेवली. भाऊ तिथे खेळायचा, कधी झोपायचा, कधी रडायचा. रडला की ती त्याला घेऊन व्हरांड्यात उभी राहून फळ्यावरचं लिहून घ्यायची. नियमात बसतं का, असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मुलगी शाळेबाहेर राहणं तरी कुठे नियमात बसतं? ती मुलगी पाचवीला गेली. अशा सतरंजीला निधी लागत नाही. वर्गात थोडा गोंधळ होतो, तो सहन करायचा.

दुष्काळाच्या वर्षी घरातलं आणखी एक माणूस कमी होतं, ते चारा छावणीमुळे. २०१३, २०१६, २०१९ या उन्हाळ्यांत बीड-नगरकडे छावण्या लागल्या. जनावरं छावणीत म्हणजे घरातला एक मोठा माणूसही तिथेच, रात्रंदिवस. बाप किंवा आजोबा तिकडे, आई मजुरीवर, मग घर कुणी बघायचं? जनावरं जगवणारी योजना तिच्या जागी बरोबर होती, पण तिची किंमत काही घरांत मुलीच्या हजेरीने भरली. आईच्या आजारपणाचंही तसंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या आकड्यावर आरोग्याच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातल्या ज्या आया उठू-बसू शकत नव्हत्या, त्यांच्या घरातली चूल कुणी पेटवली हा प्रश्न मात्र शिक्षण खात्याने स्वतःला विचारला नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘दिवाळीनंतर’ या शब्दाकडे येतो. तुमच्या गावच्या बऱ्याच मुली बहुधा ऊसतोडीला गेल्या आहेत. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात आणि दिवाळीनंतर गाव ओस पडतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, काही कर्नाटकात. परत येतात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती या जोडीच्या नावावर, आणि ती फेडायची म्हणजे दोघांनी पहाटे चारला उसाच्या फडात उतरायचं. कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर कोण? मुलगी. भाकरी, पाणी, धाकटं भावंड, आणि वेळ मिळाला तर फडात जाऊन वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधणं. मुलाला मामाकडे किंवा आजीकडे ठेवून जातात. मुलीला नेतात, आणि याचं कारण फक्त काम नाही. ‘पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायची’ हा बापाचा प्रश्न खरा असतो. त्याला ‘जुनाट विचार’ म्हणून उडवून लावू नका. म्हाताऱ्या आजीच्या एका खोलीत, दार नीट न लागणाऱ्या घरात सहा महिने मुलगी ठेवायची, तर काळजी तुम्हालाही वाटेल.

सरकारी मोजमाप या मुलींना नेमकं चुकवतं. शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी सगळ्या मुली गावात असतात, पट भरलेला असतो, शिक्षकाचं पद शाबूत राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या जातात तेव्हा नाव कमी करायची कुणाला घाई नसते, उलट कमी केलं तर अडचण. राज्यात शाळाबाह्य मुलांची मोठी एकदिवसीय पाहणी झाली ती ४ जुलै २०१५ ला, म्हणजे ऊसतोड कुटुंबं घरीच असण्याच्या दिवसांत. सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असा आपला निकष आहे. पण टँकरसाठी आणि भावंडासाठी घरी राहणारी मुलगी आठवड्यात दोन दिवस येते, तीन-चार दिवस येत नाही, खिचडीच्या वेळी हमखास दिसते. ती कोणत्याच व्याख्येत सापडत नाही. वर्षभर ती पटावर असते, आठवीपर्यंत असते, आणि वाचता येत नाही.

आणि ती एके दिवशी शाळा ‘सोडते’ असंही नसतं. दुसऱ्या सत्राला नसते, तरी पुढच्या वर्गात जाते. तिसरीत परत येते तेव्हा जोडाक्षरं सुटलेली असतात, चौथीत भागाकार सुटतो. एप्रिलमध्ये आली की वर्गातल्या बाकीच्या मुली पुढे गेलेल्या, हिला पाठ वाचायला उभं केलं की हसतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला लाज कळते. मग पुढच्या वर्षी आईने नको म्हणायच्या आधी तीच म्हणते, मी येते तुमच्याबरोबर.

चौथी-पाचवीचा सांधा वेगळा बघावा लागतो. वाड्या-तांड्यांवरच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं नियम म्हणतात. पण पाचवीचा वर्ग जोडायचा राहिला असेल तर दहा वर्षांच्या मुलीला शेताशेतातून दुसऱ्या गावाला जावं लागतं. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, वाटेवर माणूस नसतं. आता योजना मांडून बघा. गरीब घरातल्या आणि मागासवर्गीय मुलींना १९९२ पासून उपस्थिती भत्ता आहे, रोज १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०, आणि तो चौथीपर्यंत. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचं वसतिगृह मुळात सहावीपासून. मानव विकास कार्यक्रमाची सायकल आणि निळी बस आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींसाठी. पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, पण एसटी फाट्यावर थांबते आणि तांडा तिथून दोन किलोमीटर आत. म्हणजे जिथे सर्वांत जास्त मुली निसटतात, त्या पाचवी-सहावीत आपल्या हाती फार थोडं आहे. आठवीत सायकल घ्यायला मुलगी आठवीत पोचली पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे. त्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा २०२३ पासून सुरू आहे. बसची सोय करू म्हणतात. डोंगरपट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यावर पावसाळ्यात ती बस कशी येते ते मला बघायचं आहे.

पाचवीत सुटलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के होतं. लग्न हे गळतीचं कारण म्हणून सांगितलं जातं. प्राथमिकच्या वयात मात्र मी ते उलटं पाहिलं आहे. शाळा आधी सुटते, मुलगी दोन-तीन वर्षं घरात आणि फडात काम करते, मग ‘घरी बसवून काय करायचं’ म्हणून लग्न लागतं.

शौचालयाबद्दल दोन वाक्यं. दुरुस्त करून घ्याच, तो मुलींचा हक्क आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत आहे. पण पाळीमुळे मुली गळतात ही चर्चा उच्च प्राथमिकची आहे. चौथीतली मुलगी दिवाळीनंतर शौचालयासाठी गेलेली नाही, आणि पाण्याविना असलेलं शौचालय दुरुस्तीनंतरही कुलपातच राहील.

मग करायचं काय? पहिलं काम घरबसल्या होतं. मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट काढा आणि मुलींच्या गैरहजेरीला वारांप्रमाणे, महिन्यांप्रमाणे बघा. आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजर म्हणजे आई बाजारला गेली, घर तिच्यावर. कापूस वेचणीत पंधरा दिवस गायब. एप्रिलमध्ये एक दिवसाआड. प्रत्येक मुलीचा नमुना वेगळा निघतो आणि उपायही त्यावर ठरतो. सरसकट गृहभेटींनी पाय दुखतात, बाकी काही होत नाही.

स्थलांतराचं काम पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू करा. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, त्यामुळे कोणतं कुटुंब जाणार आणि कोणत्या कारखान्याला, हे मुकादमाला तेव्हाच ठाऊक असतं. त्याच्याशी वैर धरू नका, यादी त्याच्याकडेच आहे. त्या यादीवरून कोणत्या मुलीची आजी, काकू किंवा आत्या गावात राहणार ते लिहून काढा, आणि समितीच्या बैठकीत हंगामी वसतिगृहाचा ठराव घेऊन प्रस्ताव ऑगस्टअखेर पंचायत समितीला द्या. गावातच दोन वेळचं जेवण, संध्याकाळी अभ्यास आणि झोपायला नातेवाइकाचं घर असं ते चालतं. अडचण तारखेची असते. मंजुरी येईपर्यंत टोळ्या गेलेल्या असतात, आणि एकदा ट्रकमध्ये चढलेली मुलगी वसतिगृह उघडलं म्हणून परत येत नाही. मंजुरी लांबली तर पहिले पंधरा-वीस दिवस गावाने भाकरी घालावी, बचत गटातल्या बायका हे करतात, मी पाहिलं आहे. मुलींची झोपायची सोय कुठे आहे हे दसऱ्याआधी आईला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. बापाला सांगून उपयोग नाही, ठरवते आई. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा योजनेची तालुक्याच्या ठिकाणची वसतिगृहं आहेत, पण ती पाचवीपासून. चौथीच्या आतल्या मुलीला आई तालुक्याला ठेवणार नाही, तिच्यासाठी गावातलंच लागतं.

तरीही काही मुली जाणारच. त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे ते दाखवून त्या जिथे जातील तिथल्या शाळेत बसू शकतील. त्यावर मुलगी कोणत्या वर्गात आहे एवढंच न लिहिता तिला काय येतं तेही लिहा: साधे शब्द वाचते, हातच्याची बेरीज येते, असं. आईच्या फोनवरून टोळी कुठे उतरली ते विचारा, जवळची शाळा शोधा आणि तिथल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. दाखला नाही म्हणून ते अडवू लागले तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगा, दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. तिकडच्या केंद्रात बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम करणारा शिक्षक असेल तर त्याला गाठा, अशी माणसं मनापासून धावतात. टोळी फड बदलते, शाळा पुन्हा लांब पडते, मग पुन्हा फोन. कंटाळवाणं आहे, पण एखाद्या मुलीचे तीन महिने वाचतात.

आणि एप्रिलची तयारी आताच ठेवा. मुली परत येतील तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना वर्गासमोर वाचायला उभं करू नका. बाजूला घेऊन काय सुटलंय ते बघा. वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायची तरतूद कलम ४ मध्ये आहे, तिचा आधार घेऊन सुट्टीत रोज दीड-दोन तास त्या मुलींना द्या. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही पोषण आहार द्यावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. तुमचा तालुका यादीत असेल तर शाळेत चूल पेटतेच, मुलीही जेवायला येतात. त्याच वेळेला वर्ग लावला की बोलवायला जावं लागत नाही. धाकट्यांनाही येऊ द्या, सतरंजी टाकायला विसरू नका.